शाळिग्रामावरचा समुद्र

सुनेनं महालक्ष्म्यांना यायचं म्हणजे यायचंच, असं मोरोपंतांनी अमरावतीहून फोनवर बजावलं. सासरा पडला याज्ञिक, त्यापुढे सुनेच्या संशोधनाला कोण विचारतो? जुईली गोव्याहून निघाली आणि समुद्राच्या पाण्याची बाटली मांडीवर सांभाळत बडनेऱ्याला उतरली.

बाटली आणणं भागच होतं. समुद्रात डोळ्यांना न दिसणारे, शेवाळासारखे जीव तरंगत असतात. त्यांच्यात शिरून, त्यांना आतून खाऊन, फोडून बाहेर पडणारा एक परजीवी जुईलीनं नाना खटपटी करून जगवला होता. त्याला दर दोन-तीन दिवसांनी ताजं भक्ष्य द्यावं लागे, आणि सुट्टीत लॅबमध्ये ते करायला कोणी नव्हतं. बाकीच्या बाटल्या केव्हाच मेल्या होत्या. ही गेली की पीएचडी गेली.

बाटली खोलीच्या खिडकीत ठेवून तिनं नवऱ्याला निक्षून सांगितलं, "स्वानंद, हिला कोणी हात लावायचा नाही. जीव अडकलाय माझा त्यात." मग बिचारी सोळा भाज्या चिरायला बसली.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर मोरोपंतांनी तिच्या तळहातावर तीर्थ घातलं. तिनं ते तोंडात घेतलं. तीर्थ खारट होतं.

"समुद्राचं आहे," मोरोपंत खुशीत म्हणाले. "साऱ्या नद्या आल्या त्यात. शाळिग्रामाला आज सागराचा अभिषेक. स्वानंदनंच काढून दिलं."

ती खोलीत धावली. बाटली स्वच्छ घासून पालथी घातलेली होती. मागोमाग स्वानंद आला.

"तुला सांगितलं होतं मी."

"बाबांनी मागितलं, सणाच्या दिवशी नाही कसं म्हणू? पाणीच तर होतं." तो पलंगावर टेकला. "एका परीनं बरंच झालं. आता परत जायची घाई नाही. आई केव्हाची म्हणून राहिली, सुनेनं घरी राहावं."

म्हणजे हा विसरला नव्हता. याला सगळं नीट आठवत होतं. त्या क्षणी जुईलीला त्याचा मनापासून तिरस्कार वाटला.

बाहेरून सासूबाईंची, चारुशीलाबाईंची, हाक आली. पंगत बसली होती, वाढायला सून हवी होती. जुईलीनं पदर खोचला आणि मिठाचं भांडं उचललं. पानात आधी मीठ वाढतात. पाहुण्यांना चिमूट चिमूट वाढत ती स्वानंदच्या पानापाशी आली आणि तिथं वाढतच राहिली.

"अगं, पुरे," तो कुजबुजला.

"मीठच तर आहे," जुईली म्हणाली.