काठोकाठ भरलेली बरणी

आमच्या ह्यांचा सगळा जन्म तेलाच्या कारखान्यात डबे भरण्यात गेला. डबा काठोकाठ भरायचा, आत हवा ठेवायची नाही, म्हणजे माल हिंदकळत नाही. घरात पाण्याची बाटली कुणी अर्धी भरली तरी ह्यांचा जीव खालीवर होतो.

घर बदलायच्या दिवशी साहेबांची बरणी ह्यांनीच भरली. साहेब म्हणजे लेकीचा मासा. निळा फायटर, लांब शेपटीचा, भलता आगाऊ. लेक गेली त्याला वर्षही झालं नाही. तिच्या कपड्यांना मला हात लाववत नव्हता, पण साहेबांना दाणे घालायला मी रोज उठत होते. खरं सांगायचं तर त्यासाठीच उठत होते.

दिवसभराचा प्रवास. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, हे मागे सामानात, टॉवेलात गुंडाळलेली बरणी मांडीवर धरून. खड्डा आला की मागून ओरडायचे, "अहो, सावकाश चालवा!"

नव्या घरी ह्यांनी बरणी ओट्यावर ठेवली आणि टॉवेल सोडला. "बघ, एक थेंब सांडला नाही."

पाणी झाकणाला टेकलेलं, वरून चिकटपट्टीचे वेढे. साहेब झाकणाखाली आडवे पडले होते.

माझं डोकंच फिरलं. "अहो, हवा कुठाय हवा? ह्या जातीला वर येऊन तोंडानं हवा घ्यावी लागते! नुसत्या कल्ल्यांवर नाही भागत त्याचं. कल्ल्यांच्या वर, डोक्यात, हवेसाठी वेगळी जागा असते त्याला. पोरीनं घसा फोडून सांगितलं होतं, तुम्ही खी खी हसलात!"

"मासा आहे तो," हे म्हणाले. "पाण्यात बुडेल कसा?"

"बुडाला! तुम्ही बुडवलात! तिचं म्हणून एवढं एकच जिवंत राहिलं होतं, तेही घालवलंत."

हे नखांनी चिकटपट्टी सोडवत राहिले. निघता निघेना, पक्कं काम ह्यांचं. झाकण उघडलं तसं पाणी ओट्यावरून ह्यांच्या पायांवर सांडलं. ह्यांनी साहेबांना तळहातावर घेतलं आणि बोटानं शेपटी सरळ केली. माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता, मी जे नाही ते बोलत होते.

ह्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"हळू बोल गं," म्हणाले. "तिला ऐकू जाईल."

त्या खोलीत नुसती खोकी होती. मी जाऊन दार लोटून घेतलं.