पिशवीवाला

चर्चच्या बालवर्गाच्या कपाटासमोर उभं राहून रिजेक्टसाहेबांनी प्रभू येशूला नापास केलं.

तसा त्यांचा दोष नव्हता. बिस्किटांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याशेजारी त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. समोरून बिस्किटं जायची. फुटकं, करपलं, वाकडं दिसलं की उचलायचं आणि पिंपात टाकायचं. याच कर्तबगारीवर त्यांना बढत्या मिळाल्या, शेवटी काचेची खोली मिळाली, आणि जगातली प्रत्येक वस्तू एकतर डब्यात जाते नाहीतर पिंपात, असं एक तत्त्वज्ञानही मिळालं. निवृत्तीनंतर पट्टा गेला, पण हात तसाच राहिला. सुनेची भांडी, शेजाऱ्याची कुंडी, पाळकांचे उपदेश, काहीच त्यांच्या तपासणीतून सुटत नसे. रिजेक्टसाहेब हे नाव त्यांना सगळ्या मंडळीनं दिलं होतं. तोंडावर मात्र कुणी ते घेत नसे, त्यामुळे आपल्याला लोक मानतात असा त्यांचा समज होता.

आता त्यांना वडील व्हायचं होतं. घरी ते आजोबाच होते, पण मंडळीचा वडील होणं म्हणजे वेगळं प्रकरण. लोक हात वर करून निवडून देतात, पहिल्या बाकावर जागा मिळते, आणि उपदेशाच्या वेळी डोळे मिटले तरी लोक त्याला चिंतन म्हणतात. मागच्या खेपेला ते ठेकेदाराकडून पडले होते. "ठेकेदारानं निदान फाटकाला रंग तरी दिला. यांनी काय केलं?" असं कुणीतरी म्हणालं होतं आणि ते थेट त्यांच्या कानापर्यंत पोचलं होतं. चर्चमध्ये अशा गोष्टी पोचवण्याची चोख व्यवस्था असते.

"बालसेवा घ्या," पाळकसाहेबांनी सुचवलं. "तीन ते पाच वर्षांची मुलं. त्यांचं कोमल मन, तिथं विश्वासाचं रोप... शिवाय त्या खोलीकडे कुणी फिरकत नाही, म्हणजे कुणाशी स्पर्धा नाही."

रोपाचं रिजेक्टसाहेबांनी ऐकलं नाही. स्पर्धेचं ऐकलं.

बालवर्ग चालवत होती त्यांची मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण. सगळ्या वर्गाची ती मावशी होती आणि रिजेक्टसाहेबांना 'भाऊजी' म्हणायची. त्या एका शब्दात पाणउताराच्या किती छटा बसतात ते तिच्याकडून शिकावं. वर्गात एक मोठा फळा होता, त्यावर फ्लॅनेलचं लवदार कापड ताणून बसवलेलं. कापडाची कापलेली माणसं, मेंढरं, होड्या त्यावर दाबली की चिकटायची. मावशी गोष्ट सांगायची आणि माणसं इकडून तिकडे हलवायची.

या माणसांपैकी येशूची अवस्था वाईट होती. दर रविवारी त्याचंच काम. मुलांनी पापे घेऊन घेऊन त्याचं नाक पुसून टाकलं होतं. एका कानाला दातांच्या खुणा होत्या. पाठीची लव झिजल्यामुळे तो फळ्यावर टिकत नसे. पाण्यावरून चालायला निघाला की हमखास घसरून जमिनीवर यायचा, आणि मुलं किंचाळत धावायची, "मी उचलणार! मी!"

"हे चालायचं नाही," रिजेक्टसाहेब म्हणाले.

"पोरांना चालतंय की, भाऊजी."

"पोरांना काय कळतंय! विश्वासाचा पाया घालतोय आपण. पायाला असा माल?"

आणि त्यांनी येशूला दोन बोटांत धरून कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग कपाटाच्या खालच्या फळीवरची एक पेटी त्यांनी ओढली. त्यात त्यांना हवा तसा माणूस मिळाला. दाढी, पायघोळ झगा, चपला, अंगाला एक सुरकुती नाही, पाठीची लव जशीच्या तशी. हातात एक छोटी पिशवी होती, पण मालात दोष नव्हता. "हा लाव," ते म्हणाले. मेहुणीनं लावला. तिला त्या दिवशी घरी लवकर जायचं होतं.

मुलांनी दोन रविवार नव्या माणसाकडे संशयानं पाहिलं. तिसऱ्या रविवारी रिजेक्टसाहेबांची नात, जिला घरीदारी सगळे ठकी म्हणत, तिनं विचारलं, "त्याच्या पिशवीत काय आहे?"

मेहुणीला उत्तर माहीत नव्हतं. तिनं सगळे शिक्षक करतात तेच केलं. "तुम्हीच सांगा बरं!"

आणि वर्गाला जीव आला. पिशवीत चेंडू आहे, मांजरीचं पिल्लू आहे, माझ्या बाबांची नोकरी आहे. पुढे पुढे गोष्ट संपली की मुलं रांगेनं फळ्याशी जायची आणि पिशवीपाशी तोंड नेऊन कुजबुजायची. कुणी भावाला चावल्याचं सांगायचं, कुणी अंथरूण ओलं केल्याचं. ठकी तर इतका वेळ बोलत राहायची की मागची मुलं तिचा फ्रॉक ओढायची. खोली भरून जायला लागली. आयांनी एकमेकींना सांगितलं, आणि ज्या आया उपासनेला येत नव्हत्या त्याही पोरांमागे येऊ लागल्या.

रिजेक्टसाहेबांनी हे यश अत्यंत नम्रपणे सगळ्यांना सांगितलं. त्यांनी पेंटरकडून त्या कापडी माणसाचं भलं मोठं चित्र करून घेतलं आणि 'माझा पहिला मित्र' अशी अक्षरं घालून चर्चच्या दारावर टांगलं. कमिटीनं त्याखाली उभं राहून फोटो काढला. पाळकसाहेबांनी पिशवीवर एक आख्खा उपदेश केला. पिशवी म्हणजे कृपा, कृपेला तळ नसतो, वगैरे. त्यांना वेगळा विषय सुचत नव्हता, आणि हा आयता दारावर टांगलेला होता.

गुड फ्रायडे जवळ आला, वडिलांची निवडणूकही आली. तेव्हा एका संध्याकाळी मोठ्या मुलांचा वर्ग घेणारा कंपाउंडर कपाटाशी आला आणि खालच्या फळीपुढे उकिडवा बसून वस्तू उपसायला लागला. रिजेक्टसाहेब शेजारीच मेहुणीला भाषण वाचून दाखवत होते.

"माझा यहूदा कुणी नेला?" कंपाउंडर म्हणाला.

"कोण यहूदा?"

"अहो, प्रभूला धरून देणारा! आणखी कोण? वर्षातून एकदाच लागतो मला, आणि तोच गायब. बाकी अकरा शिष्य आहेत बघा. कोरा करकरीत होता हो, हातात पैशांची पिशवी..."

तो बोलता बोलता थांबला, कारण समोरच्या फळ्यावर त्याला त्याचा यहूदा दिसला. आजूबाजूला मेंढरं होती आणि डोक्यावर मुलांनी चिकटवलेला सूर्य.

मेहुणीनं तोंडावर पदर दाबला. खांदे हलत होते.

"हसतेस काय?" रिजेक्टसाहेब फिस्कारले. "तुला ओळखता आला नाही?"

"मी छोट्यांना शिकवते, भाऊजी. त्यांना दगाबाजीचा धडा नसतो. ती त्यांना आधीच येते."

"आणि तुम्ही?" ते कंपाउंडरकडे वळले. "इतके दिवस दारावर टांगलाय, तुम्हाला दिसला नाही?"

"मी वर बघत नाही," कंपाउंडर म्हणाला. "पायऱ्या बघतो. गुडघे." मग त्याला परिस्थिती उमगत गेली, आणि त्याच्या चेहऱ्यावर औषधाची बाटली हलवून बघताना यायचे तसे भाव आले. "साहेब, म्हणजे पोरं दर रविवारी पापं सांगतायत ती..."

"हळू बोला!"

"...यहूदाच्या पिशवीत?"

रिजेक्टसाहेबांच्या डोळ्यांपुढे पहिला बाक आला आणि त्यावर बसलेला ठेकेदार आला. माणूस अशा वेळी प्रार्थना करतो. रिजेक्टसाहेबांनी वाटाघाटी केल्या. कंपाउंडरला बऱ्याच दिवसांपासून गायनवृंदाची पंख्याची खोली आपल्या वर्गासाठी हवी होती. वडील झाल्यावर ती मिळेल असं ठरलं. गुड फ्रायडेच्या धड्यात यहूदाऐवजी मोशेच्या गोष्टीच्या पेटीतला दुष्ट राजा फारो वापरायला कंपाउंडर तयार झाला. "वाईट माणूस म्हणजे वाईट माणूस," तो म्हणाला. त्याची धर्मबुद्धी पंख्याखाली लगेच निवली.

मग रिजेक्टसाहेबांनी तो कापडी माणूस घरी नेला आणि स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून कात्रीनं त्याची पिशवी कापली. पिशवीबरोबर दोन बोटं गेली. मेहुणी बघायला आली होतीच.

"म्हणजे यहूदाचा आता येशू झाला का, भाऊजी?"

"पिशवी नाही, तर यहूदा नाही. ओळख पटण्यासारखं काय राहिलं?"

"बरं. असंच माणसांचंही होत असतं तर बरं झालं असतं."

टेबलाखाली ठकी बसली होती. तिनं विचारलं, "यहूदा कोण?" तिला सांगण्यात आलं की ते मोठ्यांचं बोलणं आहे, बाहेर जा, आणि कुणाला सांगायचं नाही.

दारावरच्या चित्रात पिशवी पुसायला पेंटर आला. पुसली तर तिथं डाग दिसेल, म्हणून त्यानं तिचं मेंढरू करून दिलं. मूठ मूळचीच असल्यानं, मेंढरू मानगूट धरून बाजारात निघाल्यासारखं दिसत होतं. कमिटीला ते फार हृदयस्पर्शी वाटलं.

मुलांना वाटलं नाही. रविवारी बालवर्गात रडारड झाली. "पिशवी कुणी नेली? माझं सगळं त्यात होतं!" भावाला चावलेला मुलगा तर हबकूनच गेला, त्याचा कबुलीजबाब आता कुणाच्या हातात पडला होता कोण जाणे. हा आवाज उपासनेत पोचला, आणि निवडणुकीच्या ऐन आधी ठेकेदार उठून उभा राहिला.

"विचारू का? एवढी लोकप्रिय पिशवी होती. पाळकसाहेबांनी तिच्यावर उपदेश केला. ती काढली का?"

सगळ्या माना रिजेक्टसाहेबांकडे वळल्या. मेहुणी ठकीला घेऊन भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर, फुकटच्या तिकिटावर नाटकाला आलेल्या माणसाचं समाधान होतं. कंपाउंडर पायऱ्या बघत होता, आत पायऱ्या नसतानाही.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. चूक झाली, घाईत पाहिलं नाही. लोक हसले असते आणि दुपारी जेवताना विसरलेही असते. पण रिजेक्टसाहेबांनी आयुष्यात हजारो वस्तू नापास केल्या होत्या. स्वतःला पिंपात टाकायची वेळ कधी आली नव्हती. ते उभे राहिले. त्यांचा आवाज भरून आला, आणि तो खरोखर भरून आला होता, कारण त्यांची भीतीनं गाळण उडाली होती.

"पिशवी मी कापली," ते म्हणाले. "मला अस्वस्थ वाटलं. आपला प्रभू रिकाम्या हातानं फिरला. मी आपल्या लेकरांना पिशवीकडे बघायला शिकवतोय की प्रभूकडे? मुलं रडली, मीही रडलो. पण आजोबाला कधी कठोर व्हावं लागतं."

मागून कुणीतरी "हालेलुया" म्हणालं. बायकांनी डोळे टिपले. पाळकसाहेबांनी, कृपेला तळ नसतो म्हणणाऱ्या त्याच पाळकसाहेबांनी, मान डोलावून दाखवलं की त्यांचं आधीपासून हेच मत होतं. हात वर झाले, इतके की मोजायचं कुणाच्या मनातही आलं नाही. ठेकेदारानंही हात वर केला. पडलेल्या माणसाला मन मोठं दाखवावं लागतं.

नव्या वडिलांच्या घरी त्या दुपारी जेवण होतं. पाळकसाहेब, कंपाउंडर, मेहुणी. सुनेनं कोंबडी भाजली होती. बटाटे वाफाळत होते.

"आपल्या बालसेवेचं फळ ऐकू या," पाळकसाहेब हात चोळत म्हणाले. "ठकी, तू प्रार्थना कर. चांगली केलीस तर पुढच्या रविवारी माईकवर, सगळ्या मंडळीपुढे!"

ठकीनं डोळे गच्च मिटले. हात जोडले. त्या खोलीत खरोखर कुणाशी तरी बोलायला निघालेली ती एकटीच होती.

"देवा, जेवणासाठी आभार. देवा, आजोबा म्हणाले की पिशवीवाला तू नव्हतास, तो यहूदा होता. मला माहीत नव्हतं. तो चांगला ऐकायचा. आजोबांनी त्याची बोटं कापली ती दुखत असतील, ती बरी कर. तो माझा मित्र आहे, तुझाही असेल. आणि आजोबा चर्चमध्ये खोटं बोलले, ते पण बरं कर. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले. जीभ सवयीनं पुढे गेली, कान मागून आले.

पाळकसाहेबांचा काटा बटाट्यात रुतला होता तो तसाच राहिला. त्यांच्या डोळ्यांपुढे दारावरचं चित्र, त्याखालचा फोटो आणि स्वतःचा आख्खा उपदेश एकापाठोपाठ एक सरकून गेले. मग त्यांनी बटाटा तोंडात टाकला.

"उच्चार स्पष्ट आहेत," ते म्हणाले. "मीठ मिळेल का जरा?"

कंपाउंडरनं मीठ सरकवलं. मेहुणी पहिल्यांदाच हसत नव्हती. तिनं ठकीच्या ताटात कोंबडीचा मोठा तुकडा वाढला आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"माईकवर हेच म्हणू ना, आजोबा?" ठकीनं विचारलं.

पाळकसाहेब ताटात बघत होते. रिजेक्टसाहेबांनी नातीकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं ते पट्ट्याशेजारून पाहत असत.

"तू लहान आहेस," वडील म्हणाले. "तू फक्त आमेन म्हण."