तोकीचा सरवा

साहेब, चोर कोण ते तुम्ही एका सकाळीत ठरवलंत. चोरी काय झाली ते मात्र अजून सांगितलं नाहीत. म्हणून मीच सगळं मांडते.

नाराच्या डोंगरात, ओसाकाहून दोन तासांवर, तुमची उतरणीची वावरं. राबणाऱ्या आम्ही. पीक तोकीचं. तिचं मूळ बायकांच्या अंगातली थंडी काढतं, रक्त सुधारतं म्हणतात. डिसेंबरात झाड उपटायचं, माती झटकायची, मुळ्या वाऱ्यावर टांगायच्या. वारा असा, की आपला कान आपल्याला जाणवत नव्हता.

माझ्या ओळीतल्या कल्पनाचे हात दुसऱ्याच आठवड्यात आटल्या तळ्याच्या गाळासारखे फाटले. भेगेतलं रक्त मुळीला लागायचं. तुम्ही म्हणायचात, मुळी पुसून ठेवा.

पलीकडे हामादा आजी, ऐंशीच्या. त्यांनीच हळू आवाजात सांगितलं, हेच मूळ तिळाच्या तेलात कढव आणि लाव, पूर्वी आम्ही तेच करायचो. काढणी झालेल्या रानात मुळ्यांची तुटकी शेपटं पडलेलीच होती. कल्पना वेचायला लागली. मी म्हटलं, विचारून घे.

ती हसली. "सरव्याला कोन इचारतं गं? मालकानं रान मोकळं केलं की खाली ऱ्हायलेलं वेचनारीचं. आमच्या शिराळ्याकडं भुईमुगाचा सरवा वेचताना मालकच म्हनायचा, पोरी, त्या बांधाकडं बघ, तिथं लई हाय."

आठ दिवसांत तिच्या भेगा मिटल्या. आजींच्या आखडलेल्या बोटांनाही ती ते तेल रोज चोळून द्यायची. आजी आपल्या डब्याचं झाकण स्वतः उघडायला लागल्या.

मग तुम्ही आलात. ओरडला नाहीत. हात मांड्यांना लावून वाकलात आणि सुरीला मध लावावा तसं बोललात, "कल्पना-सान, पिशवी दाखवता का?"

निघाली मूठभर शेपटं. तुम्ही पोलिसांचं नाव काढलंत. हे कुणी शिकवलं, विचारलंत. आजी बुटांकडे बघत म्हणाल्या, मला काही माहीत नाही. त्यांच्या बोटांना तेलाचा वास येत होता. मीही तोंड उघडलं नाही. ते पाप माझ्या माथी.

तिच्या नवऱ्याला, नंदूला, तुम्ही ओसाकाच्या ऑफिसातून बोलावून घेतलंत. तो आला तो तुमच्यापुढे कमरेत मोडूनच उभा राहिला. मग बायकोला मराठीत म्हणाला, "माझ्या व्हिसाचा विचार केलास? वाक."

"अवं, तुमच्या आईनं सरवा वेचूनच तुमास्नी शाळंत घातलं."

"ते इथं काढू नकोस. वाक म्हणतो ना."

ती वाकली. तुम्ही तिच्याच हातानं पिशवी सरीत ओतायला लावलीत, वरून रोटाव्हेटर फिरवलात आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणालात.  पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत आजींच्या डब्याचं झाकण मी उघडून दिलं.

आता ती ओसाकात डबे भरायच्या कारखान्यात भांडी घासते. मी भेटायला गेले तर चहा नंदूनं आणून ठेवला. तिनं हात बाह्यांत ओढून घेतले होते. तेल कढवून आणू का, म्हटलं. ती म्हणाली, "नगं. त्यो वास आला की मान आपुआप खाली जाती."

काल मी त्या सरीत कोपरापर्यंत हात घातला. वर आला तो कुजलेल्या मुळ्यांचा चिखल. वास अजून औषधाचाच. शहरातल्या बायांच्या अंगाला चालतं ते मूळ काढणारीच्या हाताला चाललं नाही. तुम्ही ते मातीत घातलंत, पण दिलं नाहीत.

माल तुमच्या वावरात, तुमच्याच यंत्राखाली कुजलेला. मग साहेब, कल्पनानं नेलं काय?

सगळ्यांसमोर तिला वाकवलंत. आता सगळ्यांसमोर जबाब द्या.