चरबीचं बोट

मी फ्लायव्हील बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. बिडाची एक जाडजूड तबकडी, कडेला दाते, वजन दहा किलो, एवढाच माझा पसारा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे मी बसतो. क्लचप्लेट माझ्या तोंडाला घट्ट चिकटली की इंजिनाचा जोर चाकांपर्यंत जातो. ती घसरली की माझं सगळं फिरणं फुकट.

जपानातल्या एका भट्टीत माझा जन्म झाला. पुढं वीस वर्षं बिश्केकमध्ये एका पाववाल्याच्या व्हॅनमध्ये राबलो. ती व्हॅन मोडीत निघाली आणि मी जुन्या सुट्या भागांच्या बाजारात येऊन पडलो. येणारेजाणारे माझ्यावर सिगारेटी विझवायचे.

तिथून मला ओमुरझाक उस्तानं, म्हणजे मिस्त्रीनं, उचललं. नारीनकडच्या डोंगरात त्याचं गॅरेज. तिथं सायपिदिन म्हाताऱ्याची व्हॅन आठ दिवस ठप्प उभी होती. आपोआप गिअर बदलणारी ऐटबाज गाडी, पण तिचा गिअरबॉक्स जळला आणि तसा दुसरा कुठं मिळेना. म्हणून साधा, हातानं गिअर टाकायचा बसवायचं ठरलं. त्यासाठी मी हवा होतो.

घाईचं कारण होतं. म्हाताऱ्याची मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा खिंड ओलांडून नारीनला डायलिसिसला जावं लागे. बर्फ पडायला लागल्यापासून भाड्याच्या गाड्या बंद होत्या, आणि दोन पाळ्या चुकल्या होत्या. तिसरी चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

उस्ताचा हात मात्र सुरेख. जुनी पातळ पत्र्याची चकती त्यानं काढली, इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, क्रँकच्या, टोकात एक चिमुकलं बेअरिंग ठोकलं, तिचे आखूड बोल्ट बाजूला टाकून माझे लांब निवडले. मला पेट्रोलनं धुऊन वीस वर्षांची काजळी उतरवली. मग मला जागेवर बसवून समोरासमोरचे बोल्ट एकेक करून आवळले.

तेवढ्यात बुरुलसून आपा आली. सायपिदिनची बायको, पण आई म्हणावं तशी सारी वस्ती तिला आपा म्हणते. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात वाटी, वाटीत दुंब्या मेंढ्याच्या जाड शेपटीची चरबी. घरात काही नवं आलं, मग पाळणा असो की सून, की त्याला चरबीचं बोट लावायचं, ही इकडची रीत.

“आपा, बाहेरच्या चाकाला लावा की,” उस्ता म्हणाला.

“चाकं जुनीच आहेत. नवा हा आलाय ना? नव्या पाहुण्याला कोरड्या तोंडानं कामाला जुंपतोस होय रे?”

आणि बरोबर जिथं क्लचप्लेट टेकते तिथंच तिनं चार बोटं भरून चरबी चोळली. तिचे ओठ हलत होते. जाणारा सुखरूप परत येऊ दे, असं काहीतरी. इतक्या मायेनं माझ्यावर कुणी हात फिरवला नव्हता. मला भरून आलं, पण या चरबीवर क्लचप्लेट घसरणार हेही कळत होतं.

उस्ताला सगळं कळत होतं. त्यानं पेट्रोलचा डबा उचललासुद्धा. पण आपा तिथंच बसून चहा ओतत होती. तिच्या डोळ्यांदेखत तिचा आशीर्वाद धुऊन काढायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं डबा खाली ठेवला, ती वळली तेव्हा कोरड्या फडक्यानं मला दोनदा पुसलं आणि उरलेली जळून जाईल असं पुटपुटला. मग फावड्याच्या दांड्याचा तासलेला तुकडा घालून क्लचप्लेट मधोमध धरली आणि वरून तिला माझ्यावर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आवळली. मला त्याचा आजही राग येतो. दोन मिनिटांचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याचा मुलगा जिरगाल गाडी घेऊन निघाला. मागं सायपिदिन, अंगावर दोन गोधड्या. सपाटीला सगळं झकास चाललं होतं. “तिसरं पेडल आलं ते बरं झालं,” म्हातारा म्हणाला. “तुझा डावा पाय आजवर फुकट खात होता.”

मग चढ लागला. मी जीव तोडून फिरत होतो आणि क्लचप्लेट माझ्या तोंडावरून नुसती घसरत होती. इंजिन ओरडायचं, गाडी मात्र हलायची नाही. जळका वास आत शिरला. जिरगाल थांबे, मला थंड होऊ देई, पुन्हा चढवी. चौथ्यांदा गाडी जागची हललीच नाही. खिंडीचा माथा तीन वळणांवर होता. फोन लागत नव्हता, रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं.

बापाला ऊब मिळावी म्हणून जिरगालनं इंजिन चालू ठेवलं. त्यामुळं मी फिरतच राहिलो. मागं म्हाताऱ्याचा श्वास अडखळत होता आणि मी मिनिटाला आठशे फेरे मारत होतो, एक वीत पुढं न जाता. दुपारी कोळशाचा ट्रक आला तेव्हा त्याला घाई करायचं कारण उरलं नव्हतं.

आता मी गॅरेजच्या कोपऱ्यात पडलोय. तोंडावर निळे डाग, भेगा. म्हाताऱ्याच्या मरणाचा चाळिसावा दिवस झाल्यावर आपा आली.

“उस्ता, खरं सांग. कशानं झालं?”

उस्तानं तिच्या बोटांकडं पाहिलं.

“लोखंडच वाईट होतं, आपा.”

ती माझ्यापाशी आली. “आणि याला मी घरातली शेवटची चरबी लावली,” म्हणाली, आणि निघून गेली.

उद्या भंगारवाला येणार आहे. मला वितळवा, तोडा, काहीही करा. फक्त ती म्हातारी कधी भेटली आणि तिनं पुन्हा विचारलं, तर लोखंडच वाईट होतं, असंच सांगा.