अळूवडीवरचे चिमूटभर तीळ

मी एक जुना लेबल छापणारा प्रिंटर आहे. काल्हेरच्या एका थंड गोदामात, काचेच्या खोलीत माझं टेबल आहे. बाहेर उन्हानं डांबर वितळत असतं आणि आत बायका स्वेटर, कानटोप्या घालून काम करतात. गोठलेल्या पाकिटांवर त्या लेबलं चिकटवतात आणि ती पाकिटं जहाजातून दूरदेशी जातात. मी मात्र या टेबलावरून वीतभरही हललेलो नाही.

मित्रांनो, मी आलो तेव्हा लेबलावर असायचं तरी काय? पदार्थाचं नाव, वजन, तारीख. मग एकेक देश नवं काही मागू लागला. कोणाला दोन भाषा हव्या, कोणाला बारकोड, तर कोणाला मोबाइल धरताच शेताचा पत्ता सांगणारा चौकोन. हल्ली तर कोणाला काय बाधू शकतं, तेही ठळक अक्षरांत द्यावं लागतं. तळहाताएवढ्या कागदात अख्खं जग आपली काळजी ओतत होतं आणि मी थक्क होऊन छापत होतो. मालक विपुलशेठ पाहुण्यांना कौतुकानं मला दाखवायचे. पुढे नवं यंत्र आलं आणि माझ्या पाठीवर चहाचे कप ठेवले जाऊ लागले. ते यंत्र रुसलं की मात्र सगळ्यांना माझी आठवण व्हायची.

गेल्या वर्षी असंच झालं. अळूवडीची दोन हजार पाकिटं कॅनडाला जायची होती. ऑफिसातल्या मनालीनं संगणकावर लेबल बनवलं, मी छापलं, बायकांनी चिकटवलं. त्यांच्यातल्या कशेळीच्या राहीबाईंना इंग्रजी येत नव्हतं. शेवटचं खोकं बंद करताना त्यांनी सहज विचारलं, "मनाली, यात लिवलंय काय गो?"

मनालीनं वाचून दाखवलं, "अळूची पानं, बेसन, चिंच, गूळ, तिखट, मीठ, तेल."

"आन् तीळ?"

मनालीचा चेहरा उतरला. वड्या बनतात त्या टेमघरच्या स्वयंपाकघरातून आलेल्या यादीत तीळ नव्हतेच. वरून भुरभुरलेल्या तिळांना आपल्याकडे जिन्नस म्हणतं कोण? पण काही मुलांना तिळाचे चार दाणेही बाधतात. श्वास कोंडतो, जिवावर बेततं. म्हणून कॅनडात लेबलावर तीळ लिहावेच लागतात.

ट्रक दारात उभा होता. विपुलशेठनी घड्याळ पाहिलं. "चिमूटभर तीळ आहेत, मावशी. आता लेबलं बदलत बसलो तर जहाज चुकेल. तिकडचा व्यापारी पुन्हा आपल्याला विचारणार नाही."

"व्यापाऱ्याला कळायचं न्हाय, शेठ," राहीबाई शांतपणे म्हणाल्या. "पोराच्या पोटात गेलं, की त्याच्या आयशीला कळंल."

शेठनी बंद केलेल्या खोक्यांकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी ट्रकवाल्याला परत पाठवलं.

त्या दिवशी माझी रिबन दोनदा संपली, अंग तापून लाल झालं, पण मी एक अक्षर पुसट येऊ दिलं नाही. बायकांनी बधिर बोटांनी जुन्या लेबलावर नवं चिकटवलं. जहाज चुकलंच. व्यापारी चिडला, फोनवर नको नको ते बोलला. माल पुढच्या जहाजानं गेला.

दोन महिन्यांनी कॅनडातल्या एका अनोळखी बाईंचं पत्र संगणकावर आलं. मनालीनं ते सगळ्यांना वाचून दाखवलं. 'दुकानात तुमची अळूवडी पाहून माझा मुलगा नाचू लागला. पण लेबलावर तीळ वाचले आणि मी पाकीट परत ठेवलं. त्याला तीळ चालत नाहीत. घरी येईपर्यंत तो रडत होता. बिनतिळाची अळूवडी करता का हो तुम्ही?'

ज्या मुलाचं नावही आम्हाला ठाऊक नाही, त्याच्यापर्यंत माझी ती एवढीशी ओळ वेळेत पोचली होती. मी तर सुन्न झालो.

राहीबाईंनी पदरानं डोळे टिपले. "रडला न्हवं?" त्या म्हणाल्या. "मंग बरा हाय पोर."

मित्रांनो, पाकीट फोडायची कितीही घाई असली, तरी मागची बारीक अक्षरं आधी वाचत जा. आणि ती लिहायची वेळ कधी तुमच्यावर आली, तर चिमूटभर गोष्टसुद्धा सोडू नका.