शुक्रवारची सराव परीक्षा

शारजातल्या त्या भारतीय शाळेनं २००१ साली पहिल्यांदाच इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सराव परीक्षेची फी स्वतः भरली. अकरावीतल्या एकूण एक मुलाचं नाव यादीत गेलं. गणिताच्या प्रमिलाबाईंनी त्यासाठी दोन वर्षं मॅनेजमेंटचा पिच्छा पुरवला होता.

परीक्षेच्या शुक्रवारी त्या वर्गात आल्या, तर नऊ बाकं रिकामी. फी भरायची परीक्षा म्हटलं की "नको" म्हणणारीच ती नऊ मुलं. आता फुकट असूनही यायला नको! चिडूनच बाईंनी त्यांच्यातल्या सोनमच्या घरी फोन लावला. तिचे वडील बाबाजी एसी दुरुस्तीचं काम करत.

"मॅडम, पोरगी केव्हाची तयार होऊन बसलीय," बाबाजी म्हणाले. "पण शुक्रवारच्या सुट्टीला शाळेची बस कुठं असते? आमची व्हॅन कंपनीची, ती यार्डात. टॅक्सीत एकटीला बसवायला तिची आई तयार नाही, आणि मी आता साइटवर निघालोय."

बाईंचा राग जागच्या जागी विरला. फॉर्म, पेन्सिली, पाण्याच्या बाटल्या, सगळं त्यांनी जातीनं पाहिलं होतं. मुलं येणार कशी, हे मात्र त्यांना सुचलंच नव्हतं.

शाळेमागच्या खोलीत बसचालक जहूर कपडे वाळत घालत होता.

"जहूरभाई, बस निकालिए."

"प्रिन्सिपलसाब की परमिशन?"

"डाँट मैं खा लूँगी."

"तो यल्ला, बैठिए."

नऊ दारं फिरून बस परतली तेव्हा दहा वाजून गेले होते. वेळेवर येऊन वर्गात ताटकळलेली मुग्धा फणकारली, "नॉट फेअर, मिस!" बाईंनी तिची माफी मागितली आणि पेपर वाटले.

शनिवारी प्रिन्सिपलनी फैलावर घेतलं. "अपघात झाला असता तर?"

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. "पुढच्या परीक्षेला बस तुम्हीच द्या."

प्रिन्सिपलनी क्लार्कला हाक मारली आणि पुढच्या परीक्षेच्या सर्क्युलरमध्ये बसची ओळ घालायला सांगितली.

निकाल लागला तेव्हा सोनम गणितात वर्गात दुसरी होती, फिजिक्समध्ये पार खाली. ती स्टाफरूमच्या दाराशी आली. बाई समजूत घालायला उठल्या, पण तिचे डोळे कोरडे होते.

"मिस, फिजिक्सचे लास्ट इलेव्हन क्वेश्चन्स मी वाचलेच नाहीत. टाइम संपला," ती म्हणाली. "तो पेपर मला परत मिळेल? आय वॉन्ट टु ट्राय देम."

बाईंनी पेपरांचं कपाट उघडलं.