उन्हात ठेवलेली गाळणी

"काका, ही उन्हात कोणी ठेवली?" गच्चीवर येताच गाळणीच्या कंपनीतल्या ऋतिकाने विचारलं.

"मीच," दिनानाथ म्हणाला, आता शाबासकीच मिळणार अशा आवाजात.

गोखिवऱ्यातल्या त्या कापड रंगवायच्या कारखान्यात त्याचं सगळं आयुष्य सांडपाण्याच्या टाक्यांपाशी गेलं होतं. यंदा मालकांनी तेच पाणी शुद्ध करून पुन्हा रंगकामाला वापरायचं मनावर घेतलं. त्यासाठी मोठं यंत्र यायचं होतं. त्याच्याआधी बारीक गाळ अडवायला ही नवी गाळणी आली होती. चौकटीत ताणलेले पोकळ पांढरे तंतू, शेवयांसारखे. त्यांना मेम्ब्रेन म्हणतात, हे त्याने घरी इतक्यांदा सांगितलं की बायको वैतागली. गाळणी नीट चालली तर आजवरचा टाकीवाला दिनानाथ ऑपरेटर होणार होता. तसा मालकांचा शब्द होता.

शनिवारी गाळणीला वास येऊ लागला. बिचाऱ्याने रविवारची सुट्टी मोडली, गड्याला हाताशी घेऊन ती टाकीतून काढली, पाइपने स्वच्छ धुतली आणि गच्चीवर धुवट चादरीवर पसरली. जुन्या कापडी पिशव्या तो अशाच वाळवायचा. शिवाय घर मिठागरातलं, उन्हावरच पिकणाऱ्या मिठावर जगलेलं. ऊन वाईट करतं, असं त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

ऋतिकाने एक तंतू बोटाने वाकवला. तो कट्‌कन तुटला.

"अहो, ही कायम ओलीच ठेवायची असते. वाळली की छिद्रं मिटतात. मग पाणी जातच नाही."

"पन मी धुतली ना. चांगली धुतली."

"धुतलीत ते बरोबरच केलंत."

"मंग? पान्याची वस्तू उनात कशी मरंल?"

ऋतिकाने तुटलेला तंतू चादरीवर ठेवला. गाळणी बसवून देताना तिने त्याला धुवायची कशी, ते दाखवलं होतं. वाळवू नका, हे सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. चूक नक्की कुणाची, हे तिलाही कळेना. दिनानाथला तर काहीच कळेना.

मालक वर आले. ते ओरडले नाहीत, हेच वाईट झालं.

"सर, माझंच सांगायचं राहिलं," ऋतिका म्हणाली.

"असू दे. नवी मागवा. चालवायला माणूसही तुमचाच पाठवा." मग दिनानाथकडे न बघता ते म्हणाले, "तू उद्यापासून गेटवर बस. वय झालं आता."

मालक गेले. दिनानाथने गड्याला हाक मारली. दोघांनी चौकट उचलून जिन्यावरून खाली आणली आणि स्वच्छ पाण्याच्या टाकीत सोडली.

"काका, आता काही उपयोग नाही हो," मागून आलेली ऋतिका हळूच म्हणाली.

"ठाव हाय. पन आता उनात कशी ठेवू तिला?"

तुटलेले तंतू वर तरंगत होते. बाही वर सारून तो ते तळहाताने पाण्याखाली दाबत राहिला.